ज्यांना उडी मारता येत नाही असे स्प्रिंगटेल

स्प्रिंगटेलची ओळख करून देताना सगळे एकच गोष्ट सांगतात: पोटाखाली दुमडलेला एक दुहेरी काटा असतो, तो सुटला की हा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा जीव टुणकन उडतो. बहुतेकांच्या बाबतीत ते खरं आहे. पण याच गटात एक कुल असं आहे की त्यातल्या जवळजवळ सगळ्या जातींनी हा काटा टाकून दिला. डोळे टाकले, अंगावरचा रंगही टाकला. उरलं ते एक पांढरंफटक नळकांडं, आखूड मिशांचं आणि आखूड पायांचं, लांबीला बहुधा एक ते तीन मिलिमीटर. या कुलाचं शास्त्रीय नाव ओनिकिउरिडी. त्याच्या सहाशेहून अधिक जातींची नोंद झालेली आहे आणि त्यातल्या बहुतेकांचा सगळा जन्म उजेड न बघता मातीच्या आत जातो.

एवढं सगळं टाकून दिल्यावर हे जगतात कसे? आणि नुसते जगत नाहीत, तर ध्रुवाजवळच्या गोठलेल्या जमिनीपासून युरोपातल्या बीटच्या शेतांपर्यंत सुखाने नांदतात. ते कसं, हे समजून घ्यायचं तर आधी या गटाची जुजबी ओळख हवी.

सहा पाय असले तरी स्प्रिंगटेल आता कीटकांत मोजत नाहीत. पूर्वी मोजायचे. फरक तोंडात आहे. कीटकाचे जबडे बाहेर असतात, याचे डोक्यातल्या एका खिशात बसवलेले असतात आणि खाताना तेवढं टोक बाहेर येतं. पोटाला कप्पे फक्त सहा. पंख यांच्या पूर्वजांनाही नव्हते. बहुतेक कीटक प्रौढ झाले की कात टाकायचं थांबवतात, स्प्रिंगटेल मरेपर्यंत टाकत राहतो. आणि पोटाच्या पहिल्या कप्प्याखाली एक छोटी नळी असते. तिच्यातून तो पाणी शोषून घेतो, अंगातल्या क्षारांचा तोल सांभाळतो, गुळगुळीत जागी चिकटूनही राहतो. एखाद्या जातीला उडीचा काटा नसेल, पण ही नळी प्रत्येक स्प्रिंगटेलला असते. गटाची खरी खूण तीच.

गट फार जुना आहे. स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी नावाच्या गावाजवळ चर्ट हा गारगोटीच्या जातीचा दगड सापडतो. सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वी तिथे गरम पाण्याचे झरे होते आणि त्या पाण्यातल्या सिलिकाने आसपासची झाडं आणि बारीक जीव जागच्या जागी दगडात बंद करून टाकले. त्यातल्या एका स्प्रिंगटेलचं, ऱ्हायनिएला प्रिकर्सरचं, वर्णन १९२६ साली दोघांनी मिळून प्रसिद्ध केलं: हर्स्ट आणि समरेंद्र मौलिक. मौलिक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणारे भारतीय कीटकशास्त्रज्ञ. त्यांचा मूळ विषय पानं खाणारे भुंगेरे. सहा पायांच्या प्राण्यांचा जो सर्वांत जुना पुरावा हाती आहे, त्यात हे नाव आहे आणि आपल्याकडे ते फारसं कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता आकडे. २०२३ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात एक मोठं काम छापून आलं. जगभरातल्या २,४७० ठिकाणच्या नोंदी एकत्र करून मातीतल्या सगळ्या स्प्रिंगटेलच्या अंगातला कार्बन किती भरेल याचा अंदाज त्यात बांधला होता. उत्तर आलं २.७५ कोटी टन. जमिनीवरच्या सगळ्या रानटी कणाधारी प्राण्यांच्या तिप्पट. म्हणजे हत्ती, गवे, हरणं, पक्षी, साप, बेडूक सगळे एका पारड्यात घातले तरी तेच हलके. सर्वांत दाट वस्ती कुठे, तर टुंड्रात: काही जागी एका चौरस मीटरला २० लाखांपर्यंत.

मातीतला पत्ता

माती आपल्याला भरीव वाटते. प्रत्यक्षात चांगल्या जमिनीचा साधारण निम्मा भाग पोकळ्यांचा असतो. काही पोकळ्यांत पाणी, काहींत हवा. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो ती स्थिती म्हणजे या दोघांचा जमलेला मेळ, आणि स्प्रिंगटेलला नेमका तोच लागतो. याला श्वासनलिका बहुधा नसतातच. पातळ कातडीतूनच प्राणवायू आत जातो. ज्या कातडीतून हवा आत येते तिच्यातून पाणीही बाहेर जातं, त्यामुळे भोवतालची हवा सतत दमट हवी. माती वरून सुकायला लागली की हे खाली सरकतात.

सरकतात, खणत नाहीत. हा मुद्दा महत्त्वाचा. गांडूळ स्वतःची वाट काढतं. स्प्रिंगटेलकडे तेवढी ताकद नाही. कुजलेल्या मुळाने सोडलेली पोकळी, गांडुळाचं जुनं बीळ, दोन ढेकळांमधली फट, अशा आयत्या वाटांनीच त्याला जावं लागतं. जड यंत्राच्या चाकाखाली जमीन दबली की आधी या मोठ्या पोकळ्या मिटतात आणि त्यांच्याबरोबर यांची वस्तीही घटते.

स्वित्झर्लंडच्या हेर्मान गिसिन यांनी १९४३ साली बाझेल परिसरातल्या स्प्रिंगटेलवर लिहिताना त्यांची राहण्याच्या जागेनुसार विभागणी केली. गवतावर आणि झाडावर राहणारे, पालापाचोळ्यात राहणारे, आणि थेट मातीच्या आत राहणारे. वरचे आकाराने मोठे, रंगीत, लांब मिशांचे, डोळस आणि जबरदस्त उड्या मारणारे. जसजसं खाली जावं तसतसे मिशा आणि पाय आखूड, डोळे कमी, रंग फिका आणि काटा लहान. अगदी खाली पोचलं की काटा नाही, डोळे नाहीत, रंग नाही. ओनिकिउरिडी या तळाच्या वस्तीतले ठळक रहिवासी. गंमत म्हणजे खोल मातीत उतरलेल्या इतर कुलांचंही हेच झालं आहे. टुलबर्गिडी नावाचं आणखी बारीक जिवांचं कुल आहे, पूर्वी ते यांच्यातच धरत असत. तेही असंच पांढरं, आंधळं, बिनकाट्याचं.

कारण सरळ आहे. दोन मिलिमीटरच्या भोकात उडी मारली तर डोकं छताला आपटणार. काळोखात डोळा सांभाळायचा म्हणजे त्याला लागणारे मज्जातंतू पोसायचे आणि बदल्यात काही मिळणार नाही. अंगावरचा रंग उन्हापासून वाचवतो किंवा कुणाला काही दाखवतो. इथे ना ऊन, ना बघणारा.

पण उडी गेली म्हणजे शत्रूपासून पळायचं साधन गेलं, आणि मातीत शत्रू कमी नाहीत. शिकारी कोळीकिडे आहेत, भुंगेरे आहेत, गोमी आहेत. त्यांच्यासाठी या कुलाने वेगळीच सोय केली.

पाठीवरची छिद्रं

ओनिकिउरिडीतला एखादा जीव सूक्ष्मदर्शकाखाली पालथा ठेवून पाहिला, तर पांढऱ्या कातडीवर जागोजागी बारीक गोल कडी दिसतात. कड्याच्या आत कातडी अगदी पातळ. स्यूडोसेली हे त्यांचं शास्त्रीय नाव. आपण छिद्रं म्हणू. कुणी चावायला, ढोसायला आलं की या छिद्रांतून अंगातला द्रव थेंबाथेंबाने बाहेर येतो. चिकट असतो आणि रसायनांनी भरलेला. शत्रूचं तोंड जिथे लागेल तिथलीच छिद्रं पाझरतात, सगळा साठा एकदम खर्च होत नाही.

ही छिद्रं डोक्यापासून शेपटीपर्यंत ठरलेल्या जागी असतात आणि जात ओळखायला त्यांचाच आधार घेतात. तज्ज्ञांच्या लिखाणात ३३/०२२/३३३४३ असा आकडा दिसतो. फोन नंबर वाटावा असा, पण वाचायला सोपा आहे. पहिले दोन अंक डोक्याचे: पुढे तीन छिद्रं, मागे तीन. तिरकी रेघ ओलांडली की छातीचे तीन कप्पे: पहिल्यावर एकही नाही, पुढच्या दोघांवर दोन-दोन. दुसऱ्या रेघेनंतर पोटाचे पहिले पाच कप्पे: तीन, तीन, तीन, चार, तीन. हे सगळं एकाच बाजूचं, दुसऱ्या बाजूला तितकीच. पाठीचा असा आकडा, पोटाकडचा वेगळा, शिवाय केसांची मांडणी. एवढं करूनही काही जातींच्या बाबतीत एकमत होत नाही. स्वीडनच्या टिको टुलबर्ग यांनी १८६९ साली वर्णन केलेली प्रोटाफोरुरा आर्माटा ही जात आणि तिच्या आसपासच्या डझनावारी जाती वेगळ्या करताना भले भले जाणकार आजही हात टेकतात.

डोळ्यांच्या जागी काय आलं तेही इथेच दिसतं. मिशीच्या मुळामागे एक लांबट खाच असते आणि खाचेत बारीक फोडांची ओळ. मिशीच्या तिसऱ्या पेरावरही दांड्यांसारखे काही अवयव असतात, केसांच्या आडोशाला. भोवतालची रसायनं टिपणं हे यांचं काम. काळोखात बुरशी कुठे आहे, ओल कुठे आहे, हे वासानेच कळायचं. जाता जाता, शेवटच्या कप्प्यावर बहुतेक जातींना दोन वाकडे काटे असतात, उडीच्या काट्याहून वेगळे. भिंगातून पाहणाऱ्याला ते लगेच दिसतात.

छिद्रांतल्या रसायनाचा चांगला अभ्यास झाला तो या कुलातल्या अपवादावर. टेट्रोडोंटोफोरा बिएलानेन्सिस. मध्य युरोपातल्या सुडेटेन आणि कार्पेथियन डोंगरांतल्या ओलसर जंगलांत हा राहतो, जमिनीच्या वर. रंग निळसर, लांबी आठ-नऊ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे स्प्रिंगटेलच्या दुनियेतला राक्षसच. त्याचा उडीचा काटाही शाबूत आहे. आंधळेपणा आणि छिद्रं मात्र कुळाप्रमाणे. १९९६ साली जर्मन संशोधकांनी त्याच्या स्रावातली द्रव्यं वेगळी केली. ती पिरिडोपायराझिन नावाच्या, प्राण्यांत क्वचितच आढळणाऱ्या वर्गातली निघाली. नेब्रिया हा शिकारी भुंगेरा अशा स्प्रिंगटेलवर तुटून पडला आणि तोंडाला स्राव लागला की शिकार सोडून तोंड पुसत बसतो आणि गोंधळल्यासारखा भरकटतो. मारायची गरजच पडत नाही.

याच निळ्या प्राण्याच्या कातडीकडे ड्रेस्डेनच्या पदार्थशास्त्रज्ञांचंही लक्ष गेलं. २०११ सालच्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की कातडीवर सूक्ष्म दाण्यांची जाळी आहे, मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं असलेली, आणि दाण्यांच्या वरच्या कडा किंचित बाहेर झुकलेल्या. त्या झुकलेल्या कडांमुळे द्रव खाली उतरतच नाही. पाणी तर सोडाच, पाण्यापेक्षा सहज पसरणारे कित्येक द्रवही तिला भिजवू शकत नाहीत. मातीत पाणी भरलं की अंगाभोवती हवेचा पातळ थर राहतो आणि कातडीतून श्वास चालू राहतो. अशाच कडा असलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ पडद्या पुढे प्रयोगशाळेत तयार केल्या गेल्या.

गोठायचं नाही, सुकायचं

या कुलातली माझी आवडती गोष्ट स्वालबार्डची आहे. नॉर्वेच्या उत्तरेला, उत्तर ध्रुवाच्या वाटेवरचा हा द्वीपसमूह. तिथे समुद्रकाठच्या कड्यांवर पक्ष्यांच्या मोठ्या वसाहती असतात. त्यांच्या विष्ठेमुळे कड्यांखालची जमीन खत घातल्यासारखी हिरवीगार होते, आणि तिथे मेगाफोरुरा आर्क्टिका हा स्प्रिंगटेल गर्दीने राहतो. त्याचंही वर्णन टुलबर्ग यांचंच, १८७६ सालचं.

हिवाळ्यात ही जमीन महिनोन्महिने गोठलेली असते. अंगात पाणी असलेल्या प्राण्यापुढे अशा वेळी दोनच रस्ते आहेत असं आधी समजलं जायचं. एक, पेशींबाहेरचं पाणी गोठू द्यायचं आणि ते सोसायचं. दोन, पाणी शून्याखाली जाऊनही द्रवच राहील अशी तजवीज करायची. अशा पाण्याला अतिशीत पाणी म्हणतात आणि त्यात जोखीम आहे. बाहेरचा बर्फाचा एक कण आत शिरला की सगळं क्षणात गोठतं. गोठलेल्या मातीत, चारही बाजूंनी बर्फ टेकलेला असताना, पातळ कातडीच्या जिवासाठी ही जोखीम फारच मोठी.

मेगाफोरुरा तिसऱ्या रस्त्याने जातो आणि त्यामागचं भौतिकशास्त्र सुंदर आहे. एकाच तापमानाला ठेवलेलं अतिशीत पाणी आणि बर्फ यांत पाण्याचा बाष्पदाब जास्त असतो. म्हणजे वाफ पाण्याकडून निघते आणि बर्फावर जाऊन बसते. फ्रीजरमध्ये उघडी राहिलेली भाजी दिवसेंदिवस सुकत जाते आणि कप्प्याच्या भिंतीला बर्फ धरतो, त्यातला प्रकार साधारण असाच. स्प्रिंगटेलच्या अंगातलं पाणी कातडीतून बाहेर झिरपतं आणि भोवतालच्या बर्फाला जाऊन मिळतं. अंग सुरकुततं, चपटं पडतं. त्याच वेळी शरीर साठवलेल्या अन्नातून ट्रेहॅलोज नावाची साखर बनवायला लागतं. पाणी कमी, साखर जास्त, म्हणजे आतला द्रव घट्ट. द्रव जितका घट्ट तितका त्याचा गोठणबिंदू खाली. एक वेळ अशी येते की आतल्या द्रवाचा गोठणबिंदू आणि बाहेरच्या बर्फाचं तापमान जुळतं. मग आत गोठण्यासारखं काही उरतच नाही. थंडी आणखी वाढली की आणखी थोडं पाणी जातं आणि तोल पुन्हा साधतो. ट्रेहॅलोज आणखी एक काम करते: पाणी निघून गेल्यावर पेशींची पटलं आणि प्रथिनं मोडू नयेत म्हणून त्यांना आधार देते. वसंतात बर्फ वितळला की तो जीव पाणी ओढून घेऊन पुन्हा टम्म फुगतो आणि चालायला लागतो.

गांडुळांच्या काही जातींचे कोश थंडीत हीच युक्ती वापरतात, ती डॅनिश संशोधकांनी १९९० च्या दशकात उलगडली. दोघांत सामाईक काय, तर पाणी सहज जाऊ देणारं पातळ आवरण. कडक, मेणचट कवचाच्या भुंगेऱ्याला हे जमणार नाही, कारण त्याचं पाणी इतक्या सहज बाहेर पडतच नाही. कोरड्या जमिनीत जी कातडी जिवावर उठते, तीच बर्फात जीव वाचवते.

खातात काय, आणि नासतात काय

मुख्य जेवण बुरशी. तिचे धागे, बीजाणू, शिवाय कुजणारा पाला, शेवाळ, जिवाणूंचा थर, कधी मुळांची कोवळी टोकं. पालापाचोळा कुजवतात असं यांच्याबद्दल लिहिलं जातं ते थोडं सैल आहे. प्रत्यक्ष कुजवण्याचं काम बुरशी आणि जिवाणू करतात. स्प्रिंगटेल बुरशीला चरतो, तिची जुनी वाढ खुडतो, बीजाणू अंगावरून आणि पोटातून इकडेतिकडे नेतो, आणि विष्ठेतून नत्र पिकाला लागू होईल अशा रूपात सोडतो. कुजण्याचा वेग त्यामुळे बदलतो. कधी वाढतो, चराई फार झाली तर मंदावतोही.

कुठली बुरशी खातो यावर शेतकऱ्याचा फायदा-तोटा ठरतो. अमेरिकेत अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात १९८० आणि ९० च्या दशकांत कपाशीच्या रोपांवर प्रयोग झाले. रायझोक्टोनिया ही बुरशी आपल्याकडच्या कापूस उत्पादकांच्याही ओळखीची, मूळकुज आणि रोपं कोलमडणं यांच्यामागे तिचा हात असतो. त्या प्रयोगांत ओनिकिउरस एन्कार्पाटस ही या कुलातली जात आणि दुसऱ्या कुलातली प्रोइसोटोमा मिनुटा, अशा दोन स्प्रिंगटेलना रायझोक्टोनिया असलेल्या मातीत सोडलं, तर रोग कमी झाला. त्याहून मजेशीर निरीक्षण निवडीचं. समोर रायझोक्टोनिया आणि रोगट बुरशींना आवरणारी ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी, अशा दोन्ही ठेवल्या, तर ते रायझोक्टोनियावर ताव मारायचे आणि ट्रायकोडर्माकडे फारसं वळायचे नाहीत. बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळणाऱ्या कुणालाही हे ऐकून बरं वाटेल. अर्थात हे कुंडीतले, नियंत्रित प्रयोग. शेतात त्याचा हिशेब इतका सरळ लागत नाही.

दुसरी बाजू बीटची. युरोपात साखर बीटापासून काढतात. जड, सेंद्रिय द्रव्य भरपूर असलेल्या जमिनींत, थंड आणि ओल्या वसंतात बी उगवायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात प्रोटाफोरुरा गटातले स्प्रिंगटेल कोवळ्या मुळाला आणि अंकुराला बारीक गोल खड्डे पाडतात. खड्डे काळे पडतात, रोप वर येण्याआधीच मरतं. आधी बीटचं बी दाट पेरून नंतर विरळणी करायचे, तेव्हा चार रोपं गेली तरी कळत नसे. एका बियातून एकच रोप येणारं बियाणं आलं, यंत्राने मोजून-मापून पेरणी सुरू झाली, आणि गेलेलं प्रत्येक रोप ओळीत रिकामी जागा म्हणून दिसायला लागलं. तणनाशकांनी शेत स्वच्छ झालं हीदेखील एक बाजू. खायला दुसरं मूळच उरलं नाही, तर जे एकच आहे त्यावर सगळे जमणार.

कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्याची गोष्ट तर अलीकडची. अमेरिकेतली लेट्यूस आणि ब्रोकोली मोठ्या प्रमाणावर तिथे पिकते. काही शेतांत पेरलेलं बी ठिकठिकाणी उगवतच नसे आणि कारण सापडत नसे. २०१५ च्या सुमारास तिथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की प्रोटाफोरुरा फिमाटा हा स्प्रिंगटेल जमिनीखाली अंकुर कुरतडतोय. ही जात वर उल्लेख आलेल्या गिसिन यांनीच १९५२ साली वर्णन केलेली. सापडायला एवढा वेळ लागला, कारण तो उडत नाही, वर येत नाही, आणि शेतात उभं राहून पाहणाऱ्याच्या नजरेला पडत नाही. शोध घ्यायला बटाट्याच्या आणि बीटच्या चकत्या मातीत पुरून आमिष लावावं लागलं.

मग हा मित्र की शत्रू? माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. तोच जीव बुरशी भरपूर असलेल्या मातीत बुरशी खाईल आणि एकाच पिकाच्या, नुसत्या अंकुरांच्या वावरात अंकुर खाईल. ‘मातीतला प्रत्येक किडा शेतकऱ्याचा मित्र’ असे संदेश फिरतात, तेही खरे नाहीत आणि दिसला किडा की मार औषध हेही नाही.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. ओनिकिउरिडी प्रामुख्याने उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांचं कुल. भारतात स्प्रिंगटेलच्या तीनशेहून अधिक जातींची नोंद आहे (नोंदींची सुरुवात मुख्यतः ए. डी. इम्स यांच्या १९१२ सालच्या लेखापासून), पण उष्ण भागात उडणाऱ्या कुलांचाच भरणा जास्त. अळिंबीच्या वाफ्यांत त्रास देणारे सैरा किंवा लेपिडोसिर्टस हेही उडणारेच, दुसऱ्या कुलातले. गच्चीवरच्या कुंडीत पाणी घातल्यावर जे ठिपके उडतात तेही बहुधा त्यांचे भाऊबंद. त्यांच्यावर औषध मारायची गरज नसते. माती सतत चिंब आहे एवढंच ते सांगत असतात.

प्रजननाबद्दल थोडक्यात. मातीतल्या स्प्रिंगटेलमध्ये नर-मादीचा प्रत्यक्ष संबंध सहसा येत नाही. नर देठावर उभा केलेला शुक्रथेंब जमिनीवर ठेवून जातो, मादीला सापडला तर ती उचलते. काळोख्या भुलभुलैयात हे जुळणं अवघड, म्हणून की काय, खोल राहणाऱ्या बऱ्याच जातींत नर नाहीतच. माद्या माद्यांनाच जन्म देतात. टुलबर्गिडीतल्या काही जातींच्या आणि प्रयोगशाळांत सर्रास पाळल्या जाणाऱ्या फोल्सोमिया कँडिडाच्या पेशींत वोल्बाकिया हा जिवाणू सापडतो आणि या बिननराच्या प्रजननाशी त्याचा संबंध जोडतात. फोल्सोमियात तर त्याला औषधाने मारलं की अंडी उबतच नाहीत.

हीच फोल्सोमिया कँडिडा मातीतल्या विषारीपणाची सरकारमान्य परीक्षक आहे. कीटकनाशक बाजारात आणण्याआधी ते मातीत मिसळून त्यात ठरावीक संख्येने पिल्लं सोडायची, २८ दिवसांनी मोठे किती वाचले आणि नवी पिल्लं किती झाली ते मोजायचं, अशी आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. तीही पांढरी आणि आंधळी, म्हणून लोक तिला ओनिकिउरिडीतली समजतात. पण कुल वेगळं आणि काटा शाबूत. ढोसलं की उडते.

प्रत्यक्ष बघायचे असतील तर पद्धत जुनी आहे. इटलीच्या अँटोनियो बर्लेसे यांनी १९०५ साली गरम पाण्याचं वेष्टण असलेलं नरसाळं वापरलं, पुढे स्वीडनच्या आल्बर्ट टुलग्रेन यांनी गरम पाण्याऐवजी वरून विजेचा दिवा लावला. घरी प्लॅस्टिकची बाटली कापून तिचा वरचा भाग उलटा ठेवला की नरसाळं होतं. त्यात जाळी, जाळीवर ओंजळभर माती न चुरता, खाली वाटीत थोडं स्पिरिट, वर कमी वॉटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी चालत नाही, उष्णता हवी. वरून माती सुकत जाते, जीव खाली सरकत जातात आणि दोन-तीन दिवसांत वाटीत पडतात. घाई करू नये. बल्ब जास्त तापला तर खोल मातीतले हे संथ जीव अर्ध्या वाटेतच सुकून मरतात आणि वाटीत फक्त चपळ मंडळी येतात.

मारायचे नसतील तर याहून सोपं: काळ्या थाळीत पाणी घ्यायचं आणि मातीचा खडा त्यात अलगद सोडायचा. कातडी भिजत नसल्याने स्प्रिंगटेल वर तरंगतात. मग ओल्या ब्रशच्या टोकाने एकेकाला हलकेच ढोसायचं आणि भिंग लावायचं. उडाला तर दुसऱ्या कुलातला. आठ पाय दिसले तर कोळीकिडा. पांढरा, सहा पायांचा, डोळ्यांचे काळे ठिपके नसलेला आणि ढोसल्यावर नुसता किंचित आक्रसणारा असेल, तर मग त्याच्या शेवटच्या कप्प्यावर दोन वाकडे काटे आहेत का ते पाहायचं. दिसले तर तो ओनिकिउरिडीतला असू शकतो. थंड प्रदेशातल्या, हिमालयातल्या जंगलाच्या मातीत ते सापडण्याची शक्यता अधिक.